अमृतकाकांचं मानपत्र

माझा नवरा लिहितो हे मला लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, याची कुठंतरी बाई आहे.

तसं वाटायला कारण होतं. हनुमान सकाळी मेंढरं घेऊन माळावर जायचा आणि दिवस कलल्यावर परत यायचा, तेव्हा त्याचा चेहरा कुणाशी तरी पोटभर बोलून आल्यासारखा दिसायचा. घरात मात्र मुका. मी अंगणवाडी सेविका. दिवसभर चाळीस लेकरांचा गलका ऐकून घरी आलं की मला मोठ्या माणसाचे दोन शब्द ऐकावेसे वाटतात. हा भाकरी खायचा, ‘हूं’ म्हणायचा, आणि कोकरं बघायला निघून जायचा. मग एकदा त्याच्या खिशाला निळा डाग दिसला. पुन्हा एकदा बोटांना. बाईच्या नादानं निळा डाग पडत नाही हे मला कळायला पाहिजे होतं, पण संशय डोक्यात शिरला की साधं साधं सुचत नाही.

ती ‘बाई’ मला ज्वारीच्या कणगीमागं सापडली, घोंगडीत गुंडाळलेली. मीच रद्दीत टाकलेलं अंगणवाडीचं जुनं रजिस्टर. पानाच्या एका बाजूला लेकरांची वजनं, दुसऱ्या बाजूला ह्याच्या गोष्टी. मी पहिलं पान वाचते न वाचते तोच हा आत आला. खरोखरची बाई सापडली असती तरी इतका लाजला नसता. कान लाल, मान खाली, हात नुसता पुढं केलेला.

मी विचारलं, “ह्याचे पैसे भेटतात का?”

हात तसाच पुढं. मी विचारलं, “मी हाये का ह्याच्यात?” मग मी हसले आणि म्हणाले, “कोन वाचनार हाये हे?”

त्यानं वही काखेत घेतली आणि “मेंढरं तहानली असतील” म्हणून निघून गेला. मेंढरं नुकतीच पाणी पिऊन बसली होती.

कळमनुरी डेपोतला एक कंडक्टर होता, ओमप्रकाश नावाचा, तो कविता करायचा. त्याच्याशी मात्र हनुमान तास तास बोलायचा. डोंगरकड्याच्या स्टँडवर चहा घेत दोघं बसायचे, आणि हा हातवारे करून काहीतरी सांगायचा. हातवारे! माझ्या नवऱ्याला हात आहेत हे मी तिथं पाहिलं. मी भांडले, की कंडक्टरला सगळं सांगता आणि बायकोला एक अक्षर न्हाई. तर म्हणाला, “त्यो बी लिहितो. त्येला सांगताना कापडं काढल्यासारखं वाटत न्हाई.” वाटेवरच्या कुणी माळावर हटकलं, “काय लिहून राहिला रं?” तर हा सांगायचा, पीकविम्याचा फॉर्म भरून राहिलो. आमच्या गावात असं समजत होते की हनुमाननं मराठवाड्यातला सगळ्यात लांब पीकविमा भरला असंल.

आता अमृतकाका. माझ्या सासऱ्यांचा चुलतभाऊ. समोर मी डोक्यावर पदर घेऊन ‘काका, काका’ करते, पण मनात त्याला कधीच अहो-जाहो केलं नाही. इथं कागदावर मला अडवणारं कोण आहे? इथं तो अमृतराव, आणि तोही एकेरी. गावचा माइक त्याच्या हातात असायचा. लग्नात पाहुण्यांचे सत्कार तोच पुकारायचा, सप्त्यात कुणाची पंगत आहे ते तोच सांगायचा, मसणवाट्यात श्रद्धांजलीही तोच घ्यायचा. आवाज भरदार, जीभ सैल. प्रत्येक वेळी एखादं गरीब माणूस धरायचं आणि त्याच्यावर मांडव हसवायचा, हा त्याचा धंदा. कुणाचं टक्कल, कुणाचा काळा जावई, कुणाची पळून गेलेली सून. ज्याच्यावर हसायचे त्यालाही हसावं लागायचं, नाहीतर ‘मस्करी कळत न्हाई’ हा दुसरा शिक्का बसायचा.

आणि एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्हाला पहिली मुलगी झाली होती. एकोणीस दिवस जगली. तेव्हा आम्ही मेंढरं घेऊन पुसदच्या बाजूला गेलो होतो, एका शेतात मेंढरांचा वाडा बसवला होता. मला ताप होता, डोळे उघडत नव्हते. सकाळी हनुमाननं तिला घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि तो एकटाच गेला. परत आला तेव्हा हात मातीनं भरलेले होते. कुठं ठेवलं ते मला सांगितलं नाही. आमच्यात म्हणतात, आईला जागा सांगू नये, नाहीतर तिचा जीव तिथंच घुटमळतो आणि पुढचं लेकरू टिकत नाही. सासूबाईंनी त्याच्याकडून तसं वचनच घेतलं. पुढं मला दोन लेकरं झाली, दोघंही चांगली हाडापेरानं आहेत. सासूबाई वारल्या. मी हनुमानला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, “लांब हाय,” आणि उठून गेला. माझा जीव घुटमळायचा तो घुटमळलाच, फक्त त्याला जागा नव्हती.

दोन वर्षांमागची कातरणी. मेंढरं आधी नाल्यात धुतात, लोकर वाळू देतात, आणि मग सगळी भावकी कातरी घेऊन येते. आज तुमच्याकडं, परवा आमच्याकडं. लोकरीला आता कुणी विचारत नाही, पण कातरल्याशिवाय उन्हाळ्यात मेंढरू जगत नाही, आणि त्या दिवशीच्या मटणासाठी भावकी जगते. लिंबाखाली पंधरा-वीस गडी मेंढरं आडवी पाडून बसले होते. अमृतराव कातरायला नाही, खायला आला होता, आणि बाजेवर बसून सगळ्यांना हसवत होता.

आम्ही बायका भाकरी थापत होतो. कौशल्याकाकू, म्हणजे अमृतरावाची बायको, माझ्या शेजारी. त्यांचं पोरगं पुण्यात कॉम्प्युटरवर कामाला, त्याचा फ्लॅट, त्याची गाडी, असं चाललं होतं. बाई वाईट नाही, पण पोराचं सांगायला लागली की भाकरी करपते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, “आमचे हे बी गोष्टी लिहितात. वही पाक भरली.”

बस. एवढंच बोलले मी. उचलली जीभ लावली टाळ्याला. नवऱ्यानं जे चौदा वर्षं बायकोपासून लपवलं, ते मी चार भाकऱ्या होईपर्यंतही पोटात ठेवू शकले नाही. काकू गड्यांना पाणी द्यायला गेल्या आणि येताना अमृतरावाचा आवाजच घेऊन आल्या.

“काय हनुमानराव! लेखक झालास म्हनं? आन आमाला निमंत्रन न्हाई?”

हनुमानच्या हातात कातर होती, पायाखाली मेंढी. तो उठू शकत नव्हता. अमृतरावानं लिंबाला अडकवलेली त्याची पिशवी काढली. भाकरीच्या फडक्याखालून वही काढली. घसा खाकरला, आणि जणू काही मांडवात उभा आहे अशा आवाजात सुरू झाला, “मंडळी, शांत बसा! लेकरं आवरा! आता लेखक हनुमानराव यांची कथा सादर होत आहे!”

लोक वाचायच्या आधीच हसायला लागले.

गोष्ट होती एका धनगराची. त्याची बायको तापानं पडलेली, आणि वाड्यात एकोणीस दिवसांची पोर मेलेली. नावं वेगळी होती. पण एकोणीस हा आकडा मी ऐकला आणि माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. पंधरा वर्षांत या माणसानं माझ्याजवळ त्या पोरीचं नाव काढलं नव्हतं, आणि ते सगळं तिथं होतं. तिच्या डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती, तेही होतं. मी ते पहिल्यांदा ऐकत होते, आणि ऐकत होते अमृतरावाच्या तोंडून. ‘त्याने तिला छातीशी धरले’ हे वाक्य तो ‘वरपक्षाकडून टॉवेल-टोपी’ म्हणावं तसं वाचत होता. लोक हसत होते. कुणाला माहीत नव्हतं ती पोर कोण ते. ज्यांना माहीत होतं तेही सवयीनं हसत होते.

“‘तो दिवस उगवायच्या आधी निघाला. बायकोला सांगायचे नाही, असे आईने बजावले होते. पण त्याने ठरवले, की आज ना उद्या तिला जागा सांगायची. म्हणून तो वाटेवरची एकेक खूण...’”

इथं अमृतराव थांबला. त्याचे डोळे पानावर फिरत राहिले, तोंड मात्र बंद. त्यानं पान उलटलं. तेही मनातल्या मनात वाचलं. लोक ओरडले, “पुढं काय? पुढं वाचा की!” त्यानं वही मिटली आणि म्हणाला, “बास झालं. मटन शिजलं का बघा.” आणि वही हनुमानच्या अंगावर टाकली.

हनुमान हसला. होय, माझा नवरा सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग त्यानं मेंढी सोडली, उठला, मटणाच्या चुलीपाशी गेला आणि वही आत सारली. एखादा माणूस विडीचं थोटुक टाकतो, तितक्या सहज. मी धावले तोवर पानं काळी होऊन वर वळली होती. त्याच विस्तवावरचं मटण सगळ्यांनी खाल्लं. अमृतरावानं दोनदा रस्सा मागून घेतला, आणि तो वाढला मी.

त्या दिवसापासून हनुमाननं लिहिलं नाही. निळे डाग गेले. माळावरून परत येताना चेहरा आता रिकामा असायचा. ओमप्रकाश दोनदा घरी येऊन गेला, हा मेंढरांत जाऊन बसला. ती गोष्ट त्यानं ओमप्रकाशलाही दाखवली नव्हती, मी विचारून घेतलं. आणि अमृतरावाला नवं खेळणं मिळालं. प्रत्येक लग्नात माइकवरून, “आपल्यात लेखक हनुमानरावबी हजर हाईत, वही आणली का इचारा!” मांडव हसायचा. हनुमानही हसायचा. मी तांदूळ हातात घेऊन उभी असायची आणि नवरानवरीवर टाकायचे ते तांदूळ मला त्याच्या डोळ्यांत टाकावेसे वाटायचे.

मी साधी बाई आहे, पण माझा राग साधा नाही. तो मी मुरवत ठेवते. मला त्या माणसाचं घर जळावं, गुरं मरावीत असं काही नको होतं. मला फक्त त्याचं तोंड पाहिजे होतं.

संधी दीड वर्षानं आली. अमृतरावाला एकसष्ट पूर्ण होत होती. पुण्याच्या पोरानं ठरवलं, बापाचा मोठा कार्यक्रम करायचा. जवळा बाजारचा मंडप, नरसीकडच्या एका महाराजांचं कीर्तन, पाच गावांना जेवण, आणि काचेच्या फ्रेममध्ये मानपत्र. मानपत्र लिहायचं काम नेमसिंग गुरुजींकडं आलं. गुरुजी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या बोलण्याची नक्कल अमृतरावानं माइकवर कितीदा केली असंल त्याची गणती नाही. गुरुजींच्या मागं तेव्हा निवडणुकीचं काम लागलेलं. ते आमच्या घरी आले आणि हनुमानला म्हणाले, “तू लिहितोस, तर एक पान लिहून दे ना. नाव माझं टाकू.”

हनुमान म्हणाला, “मी लिहीत नसतो, गुरुजी.”

मी चहा घेऊन उभी होते. म्हणाले, “मी देते लिहून.”

मी जन्मात कधी अहवालापलीकडं काही लिहिलं नव्हतं. तीन दिवस लागले. अंगणवाडीत लेकरं झोपली की मी लिहायची, आणि मदतनीस बाई आत आली की कागद पोषण आहाराच्या डब्याखाली सारायची. मानपत्राचे पहिले तीन परिच्छेद सगळ्यांचे असतात तसे. समाजसेवा, दिलदार स्वभाव, गोरगरिबांचा आधार. ते लिहिताना हात विटला. चौथ्यावर मात्र मी जीव लावला.

काशीला जाऊन आलेलं माणूस तिथं एक आवडती वस्तू सोडून येतं, हे तुम्हाला माहीत असेलच. कुणी वांगं सोडतं, कुणी जिलबी. सोडलं ते सोडलं, पुन्हा तोंडाला लावायचं नाही. अमृतराव आदल्या वर्षी यात्रेच्या गाडीनं काशीला जाऊन आला होता, आणि येऊन त्यानं सांगितलं होतं, की आपण दोडका सोडला. दोडका त्याला जन्मापासून आवडत नव्हता. गंगामाईलाही त्यानं फसवलं, आणि वर तोच विनोद पंगतीपंगतीत सांगत फिरला. कौशल्याकाकू मात्र तेव्हापासून धास्तावल्या होत्या. आठ वर्षांच्या नवसानं झालेला नातू, आणि आजोबानं काशीत लबाडी केलेली. त्यांनी मला दोनदा बोलून दाखवलं होतं.

मी लिहिलं:

‘काशीक्षेत्री दोडका सोडल्याचे अमृतराव विनोदाने सांगतात, ही त्यांची विनम्रता होय. वस्तुतः गंगामाईच्या साक्षीने त्यांनी आपल्या सर्वांत प्रिय गोष्टीचा त्याग केला आहे. माइक हाती धरणे, तसेच दुसऱ्याने लिहिलेले आपल्या मुखाने वाचणे वा सांगणे, हे त्यांनी कायमचे सोडले असून आज एकसष्टीच्या मुहूर्तावर हा संकल्प ते जाहीर करीत आहेत.’

माइक गावासाठी होता. दुसरी अर्धी ओळ खास माझी होती, हनुमानच्या वहीची. ती लिहून झाल्यावर मी पाच वेळा वाचली. इतकं गोड मला कधी काही लागलं नव्हतं.

गुरुजींनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “बराबर हाय. एक अक्षर बदलायचं न्हाई.” पुण्याच्या पोरानं मोबाइलवर न वाचताच अंगठा पाठवला. आणि सत्कारमूर्तीनं आपलं मानपत्र आधी वाचायचं नसतं.

कार्यक्रमाला दीड हजार माणूस होतं. मी बायकांत पुढंच बसले, चांगली पैठणी नेसून. अमृतराव फेटा बांधून खुर्चीत, शेजारी काकू, मधे महाराज. गुरुजी वाचायला लागले. पहिल्या तीन परिच्छेदांना अमृतराव डोळे मिटून मान हलवत होता. ‘दोडका’ शब्द आला तसे त्यानं डोळे उघडले आणि हसला, कारण विनोद त्याचाच होता. मग पुढचं वाक्य आलं. मी त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. हसू तिथंच राहिलं, पण त्याच्या मागचं सगळं निघून गेलं.

तो खुर्चीतून अर्धा उठला. काय म्हणणार होता? की हे खोटं आहे, मी खरंच फक्त दोडका सोडला? महाराजांसमोर? त्याच्या आधी महाराजच उठले. त्यांनी माइक घेतला आणि सांगितलं, की आवडीचं सोडतो तोच खरा त्यागी, आणि काशीत सोडलेलं जो परत धरतो त्याचं पुण्य नातवंडांपर्यंत फिटत नाही. त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून अमृतरावाच्या गळ्यात घातला. टाळ्यांनी मांडव दणाणला. काकू पदर डोळ्यांना लावून रडत होत्या, त्यांच्या छातीवरचा वर्षाचा धोंडा उतरला होता. अमृतरावानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले.

जोडले! मी सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या.

पुढचे सहा महिने मी एकही लग्न चुकवलं नाही. ज्यांचं निमंत्रण नव्हतं तिथंही गेले. माइक आता गुरुजींकडं असतो, नाहीतर एखाद्या नवख्या पोराकडं, आणि अमृतराव पहिल्या रांगेत बसलेला. पोरगं अडखळलं, पाहुण्याचं नाव चुकलं, की ह्याचे ओठ हलायचे आणि हात आपोआप पुढं यायचा. मग काकू मागून खोकायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी लाडू खात बघत बसायची, आणि ते लाडू मला अंगी लागले.

एकच माणूस खूश झालं नाही. हनुमान.

“तुमच्यासाठी केलं मी,” मी त्याला म्हणाले.

तो कोकराच्या पायाला पट्टी बांधत होता. “माझ्यासाठी न्हाई. कौशल्याकाकूला कोनी सांगितलं व्हतं, त्ये मला त्याच दिशी कळलं व्हतं.”

दोन वर्षं या माणसाला ते माहीत होतं आणि तो माझ्या हातची भाकरी खात होता. मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली बसले. म्हणाले, चुकलं माझं. मग विचारलं, जे मला खरं विचारायचं होतं ते. “त्या खुणा काय व्हत्या? आपली पोर कुठं हाय?”

त्याची बोटं पट्टीवर थांबली. “त्ये एकदाच लिहिता आलं, सीमा. तोंडानं न्हाई सांगता येत.”

“मग परत लिहा.”

“येऊन न्हाई राहिलं. लै बसलो वही घेऊन. न्हाई येत.” आणि तो रडला. सतरा वर्षांनी, कोकराच्या अंगावर तोंड ठेवून. त्या माणसाला मी पुन्हा कसं विचारू?

ती पानं वाचलेलं माणूस जगात आणखी एकच होतं.

तीन दिवस मी स्वतःशी भांडले. चौथ्या दिवशी दुपारी डोक्यावर पदर घेतला आणि अमृतरावाच्या घरी गेले. तो ओसरीत बाजेवर पडला होता. काकू तुरीची डाळ निवडत होत्या. अमृतराव वाळला होता, खरं सांगते. मला त्याचं काही वाटलं नाही.

“काका,” मी म्हणाले, “कातरणीच्या दिशी तुमी दोन पानं मनातल्या मनात वाचली व्हती. त्यात काय व्हतं?”

तो उठून बसला. माझ्याकडं बघत राहिला. “हनुमाननं सांगितलं न्हाई?”

“त्यांना सांगता येत न्हाई.”

“लेकरू कुठं ठेवलं, त्ये इचारून राहिलीस तू?”

मी मान हलवली.

“मला तवा ध्यानात आलं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “म्हनून थांबलो मी. वाचवलं न्हाई पुढं.” असा आवाज त्याच्याकडं आहे हे मला माहीत नव्हतं. “सगळं हाय माझ्या ध्यानात. पार झाडासकट. ऐक...”

“नका!” काकू ओरडल्या. सूप हातातून पडलं, डाळ ओसरीभर झाली. “दुसऱ्यानं लिहिलेलं हाय त्ये! काशीत सोडलंय तुमी! माझ्या नातवाची शप्पथ हाय तुमाला!”

मी काकूंचे पाय धरले. “काकू, तसं काही न्हाई. त्ये मानपत्र मी लिहिलं व्हतं. गुरुजींनी न्हाई, मी. काशीतलं समदं मी मनानं घातलं. खोटं हाय त्ये.”

“काहून खोटं?” काकू म्हणाल्या. “ह्येंनी दीड हजार मानसांत हात जोडले. महाराजांनी हार घातला. तवा सोडलं नसंल, तर तवापासून सोडलं.”

मी अमृतरावाकडं पाहिलं. तो काकूंचं ऐकतच नव्हता. तो माझ्याकडं बघत होता.

“तू लिहिलंस?” तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांचं एकेक लग्न आलं आणि गेलं. उघडलेलं तोंड त्यानं सावकाश मिटलं. मग हात उचलला आणि बाजेच्या वर, भिंतीवर टांगलेल्या काचेच्या फ्रेमकडं बोट केलं. चौथा परिच्छेद, तीच ती दुसरी अर्धी ओळ. त्याला ती वाचून दाखवता येत नव्हती, म्हणून त्यानं बोट तसंच धरून ठेवलं, मी वाचेपर्यंत.

मी मान वर करून वाचली. ओळ चांगली जमली होती.